फुली म्हणजे नको

"आई, बाबांच्या डब्याला कुणी हात लावला?"

आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. वर न बघताच म्हणाली, "मी कशाला लावू बाई? मला त्यातलं काय कळतंय!"

मी डब्याचं बटण पुन्हा सरकवलं. हिरवा दिवा लागला, पडदा काळाच राहिला. बंद केलं, परत चालू केलं. दिवा हिरवा, पडदा काळा. जगभरची पोरं इंटरनेटवरच्या ज्या अड्ड्यावर या यंत्राच्या खोड्या काढायची, तिथं याला वीट म्हणायचे. यंत्राची वीट झाली म्हणजे ते कामातून गेलं, आता फार तर दार अडवायला उपयोग.

आणि मला बघायला निपाणीचे पाहुणे दुपारी तीनला येणार होते.

आमचं घर इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात. बाबा जॉबर, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द यायचा नाही. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरं जुळायची नाहीत. त्याहून वाईट म्हणजे मान. हो म्हणायचं असलं की कधी ती आडवी हलायची, नको म्हणायचं असलं की उभी. अशा आजारात होतं असं, डॉक्टर म्हणाले. बाबांच्या थोरल्या भावाचं, आमच्या आप्पांचं, मात्र त्यात फावलं. बाबांची मान कशीही हलू दे, आप्पा म्हणायचे, "बघा, म्हादू हो म्हणतोय." असं करून त्यांनी बाबांच्या वाटणीची मागची खोली स्वतःच्या सुताच्या गोण्या ठेवायला घेतली होती.

म्हणून तर मी तो डबा तयार केला. मैत्रिणीच्या भावाचा जुना, हातात धरून गेम खेळायचा डबा. मधे पडदा, डावीकडे अंगठ्यानं फिरवायची कळ, उजवीकडे चार बटणं: त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली. कंपनीनं त्याला असं कुलूप घातलेलं, की तिनं विकलेले गेम सोडून दुसरं काही चालू नये. मी नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. सायबर कॅफेत बसून बसून मी ते कुलूप फोडायचं शिकले आणि त्यात माझा स्वतःचा प्रोग्राम घातला. असल्या घरी केलेल्या प्रोग्रामांना ती पोरं होमब्रू म्हणायची.

माझ्या प्रोग्रामात चित्रं होती. पाणी, चहा, औषध, पंखा, खुर्ची म्हणजे बसा, आई, सुलू म्हणजे मी, दप्तर म्हणजे शाळा. बाबा डाव्या अंगठ्यानं चित्रावर जायचे आणि डबा तो शब्द बोलायचा. हो साठी गोल, नको साठी फुली. शाळेत उत्तर चुकलं की बाई फुली मारायच्या ना, म्हणून. बाबांना एका हातानं सगळीकडे पोचता यावं म्हणून डबा पाटावर रबरानं बांधलेला. आवाज माझाच. मागांच्या गोंगाटात रेकॉर्ड करताना ओरडावं लागलं, त्यामुळे त्यातला 'नको' जरा जास्तच ठसक्यात निघाला होता. बाबांना तो फार आवडायचा. आई मात्र दर वेळी फसायची. स्वयंपाकघरातून विचारायची, "काय नको गं तुला?" आणि मी सांगायची, "मी नाही आई, डबा."

आता तो मुका झाला होता, आणि नेमका आज.

मला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. आप्पांनी त्याच आठवड्यात निपाणीचं स्थळ आणलं. "शिकून काय माग चालवणार आहेस?" म्हणाले. बाबांनी डब्यावर तीन शब्दांत आपलं मत सांगून टाकलं होतं: सुलू, शाळा, हो. त्यामुळे मला घरात कुणी काही विचारलं की माझं एकच उत्तर असायचं, बाबांना विचारा. आप्पा हसायचे. "विचारू की! पाहुण्यांसमोरच विचारू. बापाचा शब्द मिळाला की तिथंच सुपारी फोडू."

सुपारी फुटली की ठरलं. मग माघार नाही, आमच्यात तरी नाही.

मी तरातरा अंगण ओलांडून आप्पांच्या बाजूला गेले. त्यांचा धैर्यशील, माझ्याच वयाचा, आरशासमोर भांग पाडत होता.

"धैर्या, डब्याला काय केलंस?"

"मी? काय न्हाई."

"आप्पांनी सांगितलं होतं ना बंद पाड म्हणून?"

"आईशप्पथ सुलू! नवीन गेम आणलाय, त्याची चकती घालून काकांच्या हातात दिला फक्त. म्हटलं जरा करमणूक होईल त्यांची. तवर आईनं हाक मारली."

"आणि पडद्यावर काय होतं?"

"कायतरी इंग्रजीत आलं होतं. हा गेम चालायला नवीन व्हर्जन टाकायला पाहिजे, टाकू का, असलंच."

त्याची मुंडी मुरगाळावीशी वाटली मला. कुलूप फोडलेल्या यंत्रात नवीन व्हर्जन टाकायचं नाही, हा त्या अड्ड्यावरचा पहिला नियम. कंपनी प्रत्येक नव्या व्हर्जनमधून जुनी भोकं बुजवते. आणि टाकता टाकता मधेच अडकलं, तर वीट.

पण टाकलं कुणी?

परत आले. बाबा पुढच्या सोप्यात खाटेवर बसले होते. नवा सदरा घातलेला, दाढी केलेली, आणि चेहरा पडलेला. मी पाट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, मघाशी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, तेव्हा तुम्ही काय दाबलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा अंगठा सावकाश सरकत गेला आणि फुलीवर थांबला. वर नजरेनंच मला विचारलं, बरोबर केलं ना?

मी कपाळाला हात लावला. माझ्या प्रोग्रामात फुली म्हणजे नको. पण प्रोग्रामच्या बाहेर, कंपनीच्या जगात, फुली म्हणजे हो, चालू दे. बाबांनी यंत्राला नको म्हणून सांगितलं आणि यंत्रानं हो ऐकलं. व्हर्जन चढायला लागलं, त्यात आमच्याकडची लाईट नेहमीसारखी झोका खाऊन गेली, आणि म्हाताऱ्या बॅटरीला ते झेपलं नाही.

"तुमचं बरोबर होतं बाबा," मी म्हणाले. "ते मेलं यंत्रच आप्पांसारखं निघालं."

बाबांचा डावा गाल हसला. मला मात्र रडू यायला लागलं होतं.

यातनं सुटायची एक वाट होती. कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांकडे एक खास बॅटरी असते. ती घातली की यंत्र स्वतःचं काही न बघता सरळ मेमरी कार्डावरनं सुरू होतं. त्या पोरांनी शोधून काढलं होतं की साध्या बॅटरीतल्या इवल्याशा चिपचा एक ठराविक पाय तोडला की तीच खास बॅटरी होते. कार्ड मी आधीच तयार करून ठेवलेलं. बॅटरीला मात्र हात लावायचा धीर झाला नव्हता, कारण बॅटरी एकच होती. शिवाय पाय तोडला की ती दुरुस्तीपुरतीच उरणार. त्यानंतर डबा चालणार तो भिंतीतल्या वायरवर. आणि आमच्या भागातली लाईट तेव्हा रोज चारला जायची, ती संध्याकाळीच उगवायची.

तीनला पाहुणे, चारला अंधार. मधे एक तास मिळत होता.

"आई, जुनं ब्लेड दे! आणि सुई!"

"अगं साडी नेस की आधी! पाहुणे यायचे झाले."

"साडी गेली खड्ड्यात. ब्लेड दे."

बॅटरीची शिवण ब्लेडनं उकलली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढी काळी चिप, आणि तिला मुंगीसारखे पाय. कुठला तोडायचा ते माहीत होतं, पण डोळ्यांना तो दिसतच नव्हता. एक पाय चुकला तर बॅटरीही गेली, डबाही गेला आणि सांगलीही गेली. मी डोळे बारीक करून बघत होते, तेवढ्यात बाबांनी खाटेच्या फळीवर बोटं आपटली. फळ्यांच्या कपाटाकडे मान, हात, सगळंच हलवायला लागले.

"काय पाहिजे? औषध? पाणी?"

बाबा वैतागले. डाव्या हाताची दोन बोटं डोळ्याला लावून खाली वाकल्यासारखं केलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पिकग्लास! कापडातले धागे मोजायचं त्यांचं घडीचं भिंग. वर्षभर कपाटात पडून होतं.

मी ते चिपवर ठेवलं आणि सगळे पाय स्वच्छ दिसायला लागले. पण भिंग धरावं तर बॅटरी हलत होती. बाबांनी डावा हात पुढं केला, बॅटरी पाटावर दाबून धरली. इतकी वर्षं मागाच्या सुया बसवलेला हात, जराही हलला नाही. मी श्वास रोखून सुईचं टोक त्या पायाखाली घातलं आणि उचललं.

टिक. एवढासा आवाज.

"बरोबर पाय होता ना, बाबा?"

बाबांनी खांदा उडवला. त्यांना काय माहीत असणार म्हणा! पण बरं वाटलं, कुणीतरी सोबत घाबरलेलं होतं.

बॅटरी डब्यात सरकवली. डबा मी बटण न दाबताच चालू झाला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. "आलं, आलं, आलं!" मी ओरडले. मग टक्के चढायला लागले, आणि ते संपेपर्यंत म्हाताऱ्या बॅटरीनं मधेच मान टाकू नये म्हणून मी घरातल्या सगळ्या देवांना कामाला लावलं. आई पोह्यांची कढई तशीच ठेवून दारात उभी राहिली होती.

टक्के संपले. बॅटरी काढली, वायर भिंतीत घातली, कार्डावरनं माझा प्रोग्राम लावला. बाबांनी अंगठा फिरवला.

"चहा," डबा माझ्या आवाजात बोलला.

आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी साडी नेस."

पाहुणे आले ते साडेतीन उलटून. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचे मामा. मुलगा वाईट नव्हता. गरीब बिचारा, सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बोलायचं काम मामांचं. धिप्पाड माणूस, आवाज मागांच्यावर चढणारा. त्यांची नजर वायरीवर गेली. ती खाटेपासून आप्पांच्या खुर्चीमागच्या बोर्डापर्यंत ताणलेली होती.

"हा बोलतो म्हणे डबा?"

"बसा," डबा म्हणाला. बाबांनी मुद्दाम दाबलं होतं.

मामा खूश. "वा! सोयरे बोलतात की हो!"

आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी एकदा वायरीकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि मग त्यांनी सुताच्या भावाचा विषय काढला. सुतावरनं निपाणीच्या तंबाखूवर गेले. तंबाखूवरनं कुठल्यातरी मेलेल्या साडूच्या साडूवर गेले. मी पोह्यांचं ताट धरून उभी, आणि मला सगळं समजत होतं. ते चार वाजायची वाट बघत होते! आई आतून खुणावत होती, ये आत. मी गेले नाही.

"मामा, अजून पोहे घ्या, आणि मुख्य बोलणं राहिलंय ना," मी म्हणाले. आप्पांनी डोळे वटारले.

मामा मात्र हसले. "पोरगी घाईची दिसतीया! बरोबर हाय. हे बघा, आमच्यात बापाचा शब्द लागतो. दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई. विचारा सोयऱ्यांना."

आप्पांना इलाज राहिला नाही. ते बाबांकडे वळले, अगदी मऊ आवाजात. "काय म्हादू? द्यायची ना पोरगी निपाणीला?"

बाबांचा अंगठा फिरायला लागला. किती सावकाश! एक चित्र, दुसरं चित्र. माझ्या चित्रावर येऊन थांबला.

"सुलू," डबा बोलला.

सगळे पुढं झुकले. अंगठा पुन्हा सरकला. दप्तराकडे चालला होता, मला दिसत होतं. एक घर राहिलं होतं.

पडदा विझला.

आधी आमच्या बोळातले माग थांबले, मग पुढच्या गल्लीतले, मग लांबचे. आमच्या गावात लाईट गेली की कानात दडा बसल्यासारखी शांतता होते. त्या शांततेत पहिल्यांदा बोलले ते आप्पा.

"गेली. असू दे. काय म्हादू, पसंत ना?"

बाबांची मान हलली. उभी. वर, खाली, वर, खाली. त्यांचं तोंड वाकडं होत होतं, घामानं सदरा भिजला होता, आणि मान थांबत नव्हती.

"बघा," आप्पा म्हणाले. "हो म्हणतोय."

पण मला दुसरा एक आवाज ऐकू येत होता. टक. टक. टक. बाबांचा अंगठा मेलेल्या डब्यावर चालूच होता.

"मामा, मान बघू नका!" माझा आवाज फाटला. "त्यांची मान उलटी हलते, डॉक्टरांना विचारा. अंगठा बघा. फुलीवर आहे. फुली म्हणजे नको."

मामा उठून खाटेपाशी आले, वाकून बघायला लागले. टक. टक.

"न्हाई हो मामा," दारात उभा असलेला धैर्या म्हणाला. "या मशीनमध्ये फुली म्हणजे हो असतं. कुठलाबी गेम घ्या, फुली दाबली की ओके."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मेला बरोबरच बोलत होता!

मामांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "मग आता आम्ही काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात? मानपण हो, फुलीपण हो," म्हणून आप्पांनी ताटातली सुपारी उचलली आणि बत्ता जवळ ओढला.

टकटक थांबली. बाबांनी अंगठा बटणावरनं काढून घेतला होता. ते माझ्याकडे बघत होते. ना हो, ना नको, नुसते बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. आई बोलेल, मामा बोलतील, तो बुटांकडे बघणारा पोरगा तरी बोलेल. इतके दिवस मी बाबांना विचारा, बाबांना विचारा म्हणत होते, आणि बाबांना विचारून झालं होतं. आप्पांनी सुपारी फरशीवर ठेवली.

"नको," मी म्हणाले.

ठसक्यात निघाला. माग बंद होते, तरी ओरडले होते मी.

आप्पांचा हात वरच राहिला.

"मला हे लग्न नको. बाबांची मान आणि बाबांचा अंगठा राहू दे बाजूला. मी सांगतेय. मला सांगलीला शिकायला जायचंय."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मामा जाता जाता आप्पांना म्हणाले, "पोरीला आधी विचारायचं होतं की हो, आम्हाला कशाला पळवलंत?" आप्पांनी आमच्याशी बोलणं टाकलं, ते धैर्याच्या लग्नापर्यंत. मी सांगलीला गेले. डब्याला नवी बॅटरी आणली, आणि बटणं कंपनीसारखी उलटी करून देऊ का म्हणून बाबांना विचारलं, तर त्यांनी फुली दाबली. पण हे सगळं नंतरचं. त्या घडीला बत्ता आप्पांच्या हातात तसाच होता, आणि आतून आईची हाक आली.

"अगं सुलू, लाईट नाही, मग डबा कसा बोलला गं?"

"डबा नाही आई," मी म्हणाले. "मी बोलले."